चढ्या भावाचे डिझेल आणि घाटाची वाट

पोलादपूरच्या नाक्यावर गाडी थांबली की ड्रायव्हर मंडळी चहा घेतात आणि पुढच्या रस्त्याचा विचार करतात. इथून एक वाट कशेडीने खेडकडे जाते, दुसरी आंबेनळीने महाबळेश्वरावर चढते. मागे महाड राहिले, तिथून तिसरी वाट वरंध्याने भोरला निघते. तिन्ही वाटांना चढ आहे. त्यामुळे इथल्या माणसाला डिझेलची जेवढी फिकीर, तेवढी सपाटीवरच्या माणसाला नसते.

अशाच एका सकाळी नाक्यावर एक मालट्रक उभा होता. मालक मामा आणि गाडीवर भाचा. भाचा म्हणत होता, “मामा, या खेपेला भारीतले टाकू या. गाडी घाट चांगला धरील.”

“किती जास्त पडतात?”

“लिटरमागे चार रुपये.”

“आणि नाही धरला घाट, तर पंपवाला परत देणार आहे का रे ते पैसे?”

भाचा हसला आणि चहाचा पेला ठेवून निघून गेला. पण मामांचा प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गाडी महिन्याला हजार लिटर डिझेल खात असेल, तर लिटरमागे चार रुपये म्हणजे महिन्याचे चार हजार झाले. बँकेचा हप्ता भरणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही. तेव्हा हे चढ्या भावाचे डिझेल आले कोठून आणि त्यात असते काय, याची हकीकत जरा मागे जाऊन पाहू या.

महाड हे जुने व्यापारी गाव. भरतीच्या पाण्यावर सावित्री नदीतून गलबते दासगावच्या बंदरापर्यंत येत, आणि लहान पडाव आणखी वर महाडकडे सरकत. तिथून माल बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जाई. पुढे गाडीरस्ता झाला. आंबेनळीच्या रस्त्याला तर गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव मिळाले. पण ओढणारा बैलच होता, आणि इंधन म्हणजे कडबा नि पेंड. घाट चढण्यापूर्वी बैलाला दोन मुठी पेंड जास्त घालणारा गाडीवान शहाणा समजला जाई. जास्त खाऊ घातले की जास्त ओढतो, हा आपला फार जुना अनुभव आहे. भाच्याच्या बोलण्यात तोच अनुभव बोलत होता.

ज्याच्या नावाने हे इंधन ओळखले जाते तो रुडॉल्फ डिझेल हा जर्मन एंजिनियर १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला. वाफेचे एंजिन कोळशातली बहुतेक उष्णता वाया घालवते, हे त्याला सलत होते. हवा जोराने दाबली की ती इतकी तापते की त्यात उडवलेले तेल ठिणगीवाचून पेटते, या तत्त्वावर त्याने एंजिन रचले. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याची रीतसर परीक्षा झाली. इंधनातल्या उष्णतेपैकी शेकडा २६ भाग कामाला आला. त्या काळच्या चांगल्या वाफेच्या एंजिनाला याच्या निम्मेही साधत नसे. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर हे एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. सांगावयाचे एवढेच की, हे एंजिन मुळात खाण्याच्या बाबतीत चोखंदळ नव्हते.

आंबेनळी चढून महाबळेश्वर ओलांडले की खाली सातारा लागते. तिथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात देशी डिझेल एंजिने तयार होऊ लागली. हे कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्रीही होते. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑइल एंजिनांचा कारखाना निघाला. ही एंजिने मुख्यतः विहिरीवर आणि गिरणीत चालली. रस्त्यावरचे डिझेलयुग खऱ्या अर्थाने स्वातंत्र्यानंतर आले. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. १९५४ साली टाटांनी डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. त्याच साली ट्रॉम्बेला स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, आणि पुढच्या वर्षी शेजारीच बर्मा-शेलचा. पुढे ७४ आणि ७६ साली हे दोन्ही कारखाने सरकारी झाले. आज त्यांना आपण हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम म्हणून ओळखतो.

तेव्हा तेलाचा व्यापार परदेशी कंपन्यांच्या मुठीत होता. त्यातून वाट काढण्यासाठी सरकारने १९५९ साली इंडियन ऑइल कंपनी स्थापन केली, आणि १७ ऑगस्ट १९६० रोजी ‘उझ्गोरोद’ नावाचे सोव्हिएत जहाज ११,३९० टन डिझेल घेऊन मुंबईच्या पीर पाऊ धक्क्याला लागले. त्या दिवशी कुणी विचारले नसेल की हे डिझेल साधे की भारीतले. डिझेल मिळाले, हीच मोठी गोष्ट होती.

इथे एका गैरसमजाचा खुलासा करतो. पावतीवर ‘हाय स्पीड डिझेल’ असे छापलेले पुष्कळांनी पाहिले असेल. ते गाडीला वेग देणारे डिझेल, असे काही जण समजतात. तसे नाही. भराभर फिरणाऱ्या एंजिनांसाठी, म्हणजे मोटारी-ट्रकांसाठी, ते हाय स्पीड. सावकाश फिरणाऱ्या मोठ्या एंजिनांसाठी वेगळे, जडसर लाइट डिझेल ऑइल असे. नाव एंजिनाचे, आणि आशा मात्र डिझेलकडून, असा हा घोटाळा जुनाच आहे.

कित्येक वर्षे पंपावर एकाच जातीचे डिझेल होते, आणि त्याचा भाव सरकार ठरवी. १ एप्रिल २००२ पासून भाव ठरवण्याची ती जुनी पद्धत कायद्याने संपली. दुकाने तिन्ही कंपन्यांची, माल मात्र एकाच मानकाचा. एका कंपनीच्या पंपावरचे साधे डिझेल दुसरीच्या कारखान्यातले असू शकते, कारण कंपन्या आपसांत मालाची देवघेव करतात. मग गिऱ्हाइकाने आपल्याच दारी का यावे? या पेचातून त्याच सुमारास नावाची इंधने निघाली. एक्स्ट्रामाइल, टर्बोजेट अशी नावे फलकांवर झळकली. पुढे सरकारने नावाच्या इंधनावर अबकारी करही साध्यापेक्षा जास्त बसवला. म्हणजे गिऱ्हाइकाने जास्त मोजलेले सगळेच पैसे टाकीत पडत नव्हते, त्यांतला काही भाग तिजोरीत जात होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये साध्या डिझेलचा भावही मोकळा झाला.

आता त्या डिझेलात असते काय ते पाहू. मूळ डिझेल तेच. त्यात थोडी औषधे मिसळलेली असतात. एक औषध नोझलच्या तोंडाशी साचणारी काजळी धुऊन काढते. दुसरे डिझेल लवकर पेटायला मदत करते. या लवकर पेटण्याच्या गुणाला सीटेन अंक म्हणतात. अंक चांगला असला की थंडीत गाडी झटकन चालू होते आणि खडखड कमी होते. याखेरीज फेस न येऊ देणारे आणि गंज रोखणारे असे इतर काही पदार्थ असतात. हे सगळे खरे आहे, त्यात फसवणूक नाही. पण यांतले एकही औषध डिझेलातली उष्णता म्हणण्यासारखी वाढवत नाही, आणि घाट चढतो तो उष्णतेच्या जोरावर.

हिशेब करून पाहा. पोलादपुराहून महाबळेश्वर साधारण १३०० मीटर उंच. एका लिटर डिझेलात जेवढी उष्णता असते तिचा तिसरा हिस्सा एंजिन कामाला लावते, असे धरले, तर एक टन वजन एवढ्या उंचीवर नुसते उचलायला सुमारे एक लिटर लागते. पंधरा टनांची भरलेली गाडी असेल तर पंधरा लिटर. टायरची घसट, वळणावरचे ब्रेक, थांबणे-उचलणे याचे निराळे. हा एक टनाला एक लिटर निसर्गाचा कर आहे, आणि नावाच्या डिझेलाला त्यात सूट मिळत नाही. बैलाला पेंड घातली तर अंगात बळ येते. एंजिन म्हणजे बैल नव्हे.

आणखी एक गोष्ट. महाबळेश्वराच्या माथ्यावर हवा खालच्यापेक्षा जवळपास सातव्या हिश्शाने विरळ असते. जुनी, टर्बो नसलेली गाडी वर गेली की काळा धूर सोडते आणि दम टाकते. तेव्हा ड्रायव्हर डिझेलला शिव्या देतो. वास्तविक तिथे हवा कमी पडत असते, डिझेल नव्हे.

मग भारीच्या डिझेलाचा उपयोग कोणालाच नाही काय? तसेही म्हणता येत नाही. जुन्या गाडीचा पंप हवेच्या दाबाच्या दोनशे पट जोराने डिझेल उडवी. नव्या कॉमन रेल एंजिनात हा जोर दीड-दोन हजार पटींवर गेला आहे, आणि नोझलची भोके केसासारखी बारीक झाली आहेत. तिथे काजळीचा कण फार जाचतो. अशा गाडीला अधूनमधून धुणारे डिझेल दिले, तर गमावलेले ऍव्हरेज थोडेफार परत येऊ शकते. मात्र ते गमावलेले परत येणे आहे. नोझल मुळातच स्वच्छ असेल, तर परत यायचे काय राहिले? साधे डिझेल ९० रुपये आणि भारीतले ९४, असे समजा. चार किलोमीटर देणारा ट्रक जवळजवळ ४.१८ देऊ लागेल, तेव्हा कुठे पैसे बरोबरीत सुटतील. घाटात भार, पाऊस आणि ड्रायव्हरचा पाय यांनी याच्या कितीतरी पट फरक पडतो.

आता माझ्या मते जे मुख्य, त्याकडे येतो. साधे डिझेल आज साधे राहिलेले नाही. १९९० च्या सुमारास आपल्या डिझेलात शेकडा एक भाग गंधक चालत असे, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार. २००० साली ही मर्यादा अडीच हजारांवर आली. २००१ साली सरकारने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन-इंधनाच्या धोरणासाठी समिती नेमली. तिने टप्प्याटप्प्याने सगळ्या देशाचे इंधन सुधारण्याचा आराखडा दिला. त्या वाटेने देशभर आधी ५००, मग ३५०, २०१७ मध्ये ५० आणि १ एप्रिल २०२० पासून १० भाग गंधक अशी मजल गाठली गेली. सीटेन अंक २००० साली ४८ ठरला होता, तो पुढे किमान ५१ झाला. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जे डिझेल आपल्या देशात चार रुपये जास्त मोजूनही मिळाले नसते, ते आज महाडच्या साध्या नळीतून येते, आणि ते ट्रकवाल्याला, एस.टी.ला नि शेतातल्या पंपाला सारखेच मिळते.

मात्र नळीतून जे बाहेर पडते ते मानकाप्रमाणे असले पाहिजे. रॉकेल स्वस्त होते तेव्हा ते डिझेलात मिसळण्याचा काळा धंदा फोफावला. रॉकेलाला वंगण कमी, त्याने पंप आणि नोझल झिजतात. हा धंदा मनमाडजवळ उघडकीला आणायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी जिवंत जाळण्यात आले. शुद्ध डिझेलाची किंमत एका माणसाने अशी चुकवली आहे. ती आठवली म्हणजे लिटरमागच्या चार रुपयांची चर्चा फार हलकी वाटू लागते. पंपावर पाच लिटरचे माप आणि घनता पाहण्याची काच असते. ती मागायला संकोच करू नये. तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

महाडच्या माणसाला तर आणखी एक शत्रू ठाऊक आहे, तो म्हणजे पाणी. जुलै २०२१ च्या पुरात गावात गाड्या बुडाल्या. टाकीत शिरलेल्या पाण्यावर भारीच्या डिझेलाचा उतारा चालत नाही. टाकी उघडून ती साफच करावी लागते, आणि फिल्टर बदलावा लागतो.

अलीकडे कशेडीच्या डोंगरातून बोगदा झाला. जुन्या घाटाचा चढ त्याने पुष्कळच वाचला. त्या एका बोगद्याने जेवढे डिझेल वाचत असेल, तेवढे कोणत्याही औषधाने वाचणार नाही. सगळ्यांसाठी ठरलेले मानक आणि सगळ्यांसाठी खोदलेला रस्ता, या दोन गोष्टींनी घाटातल्या ड्रायव्हरचे जे भले केले, ते फलकावरच्या नावांनी केलेले नाही.

त्या सकाळी मामांनी शेवटी साधेच डिझेल भरले. मग भाच्याला म्हणाले, “चार हजार वाचले ना? आता पोरा, पहिल्यांदा फिल्टर बदल, हवेचा जाळीडबा झाड, टायरची हवा बघ, आणि मिस्त्रीकडून नोझल तपासून घे. एवढे करून उरले तर मला चहा पाज.”

गाडी कशेडीच्या दिशेने निघाली. धूर फार नव्हता.