सुटी कॉलर आणि तिची जाहिरात

वस्त्रांच्या जाहिरातींतील स्त्रीविषयी जी टीका होते ती बहुधा तिच्या चित्राविषयी असते. ती किती नटली आहे, किती उघडी आहे, पुरुषाच्या मानाने किती खाली बसविली आहे, याची मोजदाद टीकाकार करतात, आणि ती करणे आवश्यकही आहे. तथापि जी स्त्री चित्रात आलीच नाही तिची दखल या मोजदादीत घेतली जात नाही. जाहिरातीच्या इतिहासात या वगळण्याला स्वतःची एक परंपरा आहे. ती जितकी स्पष्ट अमेरिकेतील शर्टाच्या कॉलरीच्या इतिहासात दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल.

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी ट्रॉय नावाचे शहर आहे. तेथील हॅना लॉर्ड माँटेग्यू या गृहिणीने १८२७ च्या सुमारास सुटी कॉलर शोधून काढली, असे परंपरा सांगते. तिच्या पतीस रोज स्वच्छ शर्ट लागे. शर्ट तर बाकी सगळा स्वच्छ असे. मळलेली असे ती केवळ कॉलर. तेवढ्यासाठी सबंध शर्ट धुवावयाचा, खळ घालावयाची, इस्त्री करावयाची, या खटाटोपास कंटाळून तिने एके दिवशी कॉलर कापून वेगळी केली, धुतली आणि बंद लावून पुन्हा शर्टास जोडली. या कथेत दंतकथेचा अंश किती हे ठरविण्याचे येथे कारण नाही. शोधामागील प्रेरणेविषयी मात्र ती कथा निःसंदिग्ध आहे. पुरुषाच्या गळ्यातील ही वस्तू स्त्रीचे धुणे कमी व्हावे म्हणून जन्मास आली.

धुणे काही कमी झाले नाही. ते घरातून निघून कारखान्यात गेले. एबेनेझर ब्राऊन या निवृत्त धर्मोपदेशकाने दोनतीन वर्षांतच कॉलरी शिवून विकण्याचा व्यवसाय सुरू केला. शिवणाऱ्या बायका घरी बसून शिवीत आणि मोबदला त्याच्या दुकानातील मालाच्या रूपाने घेत. पुढे शिवणयंत्र आले, गिरण्या उभ्या राहिल्या, आणि ट्रॉयला ‘कॉलर शहर’ हेच नाव पडले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दहा कॉलरींपैकी सुमारे नऊ तेथे तयार होत. नवी कॉलर बाजारात जाण्यापूर्वी धुवावी लागे, विरंजित करावी लागे, खळीत बुडवावी लागे आणि जड इस्त्रीखालून काढावी लागे. या लाँड्र्यांतील काम बायकांचे होते, आणि त्यांत आयर्लंडहून आलेल्या कुटुंबांतील मुली फार. दिवसाचे बारा ते चौदा तास उकळते पाणी, सोडा, आम्ले आणि तापलेले लोखंड यांच्या सान्निध्यात त्या उभ्या असत. आठवड्यास मिळत तीन-चार डॉलर.

यांतीलच केट मुलानी या एकोणीस वर्षांच्या तरुणीने १८६४ च्या फेब्रुवारीत कॉलर लाँड्री युनियन स्थापन केली. केवळ स्त्रियांची अशी अमेरिकेतील ही पहिली टिकाऊ कामगार संघटना समजली जाते. सुमारे ३०० स्त्रियांनी संप केला आणि आठवडा पुरा होण्यापूर्वीच मालकांनी वेतनवाढ मान्य केली. दोन वर्षांनी ट्रॉयमधील ओतकामगारांचा संघर्ष चालू असता याच स्त्रियांनी त्यांना १००० डॉलरची मदत पाठविली, ही गोष्ट मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. पुरुषांच्या संघटनेस स्त्रियांनी आपल्या कमाईतून पोसल्याचे दाखले त्या शतकात फारसे आढळत नाहीत. १८६८ मध्ये नॅशनल लेबर युनियन या देशव्यापी संस्थेने मुलानीस साहाय्यक चिटणीस नेमले. १८६९ चा संप मात्र फसला आणि संघटना मोडली.

यानंतरचे महत्त्वाचे साल १९०५ हे होय. त्या वर्षी ट्रॉयमधील क्लूएट, पीबॉडी कंपनीत दोन गोष्टी घडल्या. कंपनीने खळ घालण्याची यंत्रे आणली, मजुरीच्या दरांवरून वाद पेटला आणि खळ घालणाऱ्या बायकांनी संप पुकारला. तो पुढील वर्षापर्यंत चालला आणि हरला. त्याच वर्षी कंपनीने आपल्या ‘ॲरो’ कॉलरींच्या जाहिरातींसाठी जोसेफ ख्रिश्चन लेयेंडेकर या चित्रकाराची योजना केली. लेयेंडेकर जन्माने जर्मन, शिक्षणाने पॅरिसच्या ॲकॅडेमी ज्युलियाँचा, आणि ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’च्या मुखपृष्ठांमुळे घरोघर ठाऊक झालेला. या दोन घटनांत कार्यकारणाचा संबंध जोडण्यास आधार नाही. परंतु एकाच मालकाने एकाच वर्षी एका हाताने खळ घालणाऱ्या बायकांशी झुंज दिली आणि दुसऱ्या हाताने खळ घातलेल्या पुरुषाची मूर्ती उभी केली, हे सत्य त्यामुळे डोळ्याआड होत नाही.

ती मूर्ती ‘ॲरो कॉलर मॅन’ या नावाने ओळखली गेली आणि १९३१ पर्यंत टिकली. सरळ नाक, रुंद जबडा, खांद्यात ताठरपणा, आणि गळ्याशी शुभ्र, कडक, किंचित चकाकणारी कॉलर. लेयेंडेकरच्या कुंचल्याचा तुटक, लखलखीत फटकारा कापडावर आणि त्वचेवर सारखाच पडतो, त्यामुळे चेहराही जणू खळ घालूनच उभा केलेला वाटतो. हा पुरुष कधी पुस्तक वाचीत असतो, कधी गोल्फची काठी हाती घेऊन उभा असतो, कधी सायंपोशाखात जिन्यापाशी थांबलेला असतो. तो क्वचितच समोर पाहतो. त्याला कशाची गरज नाही, कोणाची विनवणी नाही. माल विकावयास निघालेल्या चित्रात इतकी बेफिकिरी त्यापूर्वी फारशी पाहावयास मिळाली नव्हती. खाली कॉलरीचे नाव आणि किंमत, पंचवीस सेंटला दोन. एवढ्या अल्प मोलात हा ताठपणा कोणत्याही कारकुनास विकत घेता येत होता, आणि जाहिरातीचे सारे यश या सोयीत होते.

आपल्या साहित्यशास्त्राची येथे आठवण होते. त्याने नायकाचे जे मुख्य चार भेद सांगितले, धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित आणि धीरप्रशांत, ते त्याच्या स्वभावावरून पाडले; नायिकेचे सर्वपरिचित आठ भेद मात्र ती प्रियकराच्या संबंधात कोणत्या अवस्थेत आहे यावरून. वाट पाहणारी, रुसलेली, फसविली गेलेली, अभिसारास निघालेली, अशी प्रत्येकीची ओळख दुसऱ्याच्या येण्याजाण्याने ठरते. ॲरोच्या चित्रांतील विभागणी याहून फार भिन्न नाही. पुरुषास तेथे स्वभाव आहे. काही चित्रांत स्त्री येते तेव्हा ती बहुधा त्याच्या शेजारी, त्याच्या दिसण्याची साक्षीदार म्हणून येते. ती कॉलरीकडे पाहू शकते. कॉलर कोठून आली हे तिला ठाऊक असण्याची शक्यता त्या चित्रात उरत नाही.

साक्षीदाराची ही भूमिका चित्राबाहेरील स्त्रियांनीही मनापासून स्वीकारली. या काल्पनिक पुरुषास लग्नाच्या मागण्या आणि प्रेमपत्रे येऊ लागली. १९२० नंतरच्या एका महिन्यात १७,००० पत्रे आली असे सांगतात. आकडा कंपनीच्या प्रसिद्धीखात्यास शोभण्याइतका मोठा आहे, तेव्हा तो जपूनच घ्यावा. त्या बिचाऱ्या पत्रलेखिकांना एक गोष्ट ज्ञात नव्हती. या चित्रांचा प्रमुख नमुना चार्ल्स बीच हा चित्रकाराचा आयुष्यभराचा सहचर होता, आणि आजचे अभ्यासक या चित्रांकडे एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषावरील प्रेमातून रेखाटलेली चित्रे म्हणूनच पाहतात. ज्या काळात असे प्रेम उघड बोलणे अशक्य होते त्या काळात साऱ्या देशाने त्यास पौरुषाचा आदर्श म्हणून भिंतीवर टांगले. पौरुष आणि स्त्रीत्व यांचे साचे निसर्गदत्त असतात असे मानणाऱ्यांनी या प्रकरणाचा विचार अवश्य करावा.

कॉलरीने इंग्रजी भाषेस एक समाजवाचक शब्दही दिला. ‘व्हाइट कॉलर’ हे विशेषण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रूढ झाले. अप्टन सिंक्लेअरच्या लेखनाने त्याचा प्रसार झाला आणि १९५१ मध्ये सी. राइट मिल्स या समाजशास्त्रज्ञाने त्याच नावाचा ग्रंथ लिहिला. मराठीस हा शब्द उसना घ्यावा लागला नाही, कारण ‘पांढरपेशा’ आपल्याकडे होताच. दोन्ही शब्द वर्गाची ओळख कपड्याच्या शुभ्रतेवरून सांगतात आणि ती शुभ्रता राखणाऱ्या हातांविषयी मौन पाळतात. ‘परीटघडी’ या शब्दात निदान परिटाचा तरी उल्लेख उरला आहे. घरच्या बाईने घातलेल्या घडीस तर भाषेत नावही नाही.

सुट्या कॉलरीचा अंत पहिल्या महायुद्धाने जवळ आणला. सैन्यात मऊ कॉलरीची सवय झालेले तरुण पुन्हा गळ्याशी पुठ्ठा बांधावयास तयार होईनात. १९२१ च्या सुमारास व्हॅन ह्यूजेनची मऊ कॉलर बाजारात आली. क्लूएट कंपनीने जोडकॉलरीच्या शर्टाकडे मोर्चा वळविला, आणि धुतल्यावर असे शर्ट आटू नयेत म्हणून सॅनफर्ड क्लूएटने शोधलेल्या प्रक्रियेचे एकस्व १९३० मध्ये मिळाले. हिंदुस्थानी गिरण्यांच्या पॉपलिनवर पुढे जो ‘सॅनफोराइज्ड’ शिक्का असे, तो मूळचा ट्रॉयच्या या क्लूएटच्या नावावरून आलेला. कॉलर पुन्हा शर्टास जोडली गेली, म्हणजे हॅना माँटेग्यूने कापलेले जेथल्या तेथे शिवले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर लक्षावधी स्त्रिया कारखान्यांतून घरी धाडल्या गेल्या, तेव्हा जाहिरातीने आपली मूकताही सोडली. १९५१ मधील व्हॅन ह्यूजेन टायच्या जाहिरातीत शर्ट आणि टाय घातलेला पुरुष बिछान्यात रेलला आहे, स्त्री त्याच्यापुढे गुडघे टेकून न्याहारीचे तबक धरून आहे, आणि हे जग पुरुषाचे आहे ते तिला दाखवून द्या, असा मथळा आहे. टीकेच्या पुस्तकांत हे चित्र वारंवार छापले जाते. ते उद्दाम आहे खरे. पण उद्दामपणा ओळखणे सोपे असते, आणि म्हणूनच ते चित्र लेयेंडेकरच्या चित्रांइतके प्रभावी नव्हते.

लेयेंडेकरच्या चित्रांतून वगळलेली स्त्री पडद्यावर परतली ती १९६८ मध्ये, आणि तीही आरोपी म्हणून. लिव्हर ब्रदर्सच्या ‘विस्क’ या धुलाईद्रवासाठी बीबीडीओ या जाहिरातसंस्थेच्या जेम्स जॉर्डनने जी मालिका रचली तिच्यात पतिपत्नी कोठे सहलीस वा समारंभास जातात, कोणी तरी परका पतीच्या कॉलरीवरील मळाचे कडे पाहतो, पोरांच्या चिडवण्याच्या सुरात त्याचा पुकारा होतो, आणि मान खाली जाते ती पत्नीची. मान ज्याची मळली तो केवळ अस्वस्थ होतो. स्वतःची मान त्याने का धुवू नये, असा साधा प्रश्न स्त्रीवादी टीकाकारांनी विचारला. तरीही मालिका सुमारे दोन दशके चालली, कारण द्रव खपत होता. १८२७ मध्ये जे धुणे चुकविण्यासाठी एका गृहिणीने कात्री घेतली, तेच न चुकविल्याबद्दल आणि पुरेसे न केल्याबद्दल तिच्या पणतीच्या पिढीस जाहीरपणे लाजविण्यात आले.

भारतात हा इतिहास दोन वाटांनी आला. शर्ट एका वाटेने आले: व्हॅन ह्यूजेन १९९० मध्ये, ॲरो १९९३ मध्ये अरविंद मिल्सच्या द्वारे, त्यांच्या जाहिरातींत कार्यालयातील यशस्वी पुरुष आला. धुण्याची पूड त्यापूर्वीच दुसऱ्या वाटेने आली होती. १९८० नंतरच्या दशकात ॲलेक पदमसी यांनी निर्माण केलेली ‘सर्फ’ची ललिताजी ही त्या वाटेवरील सर्वांत बुद्धिमान नायिका होय. ती लाजत नाही, भुलत नाही, पैशाचा हिशेब चोख ठेवते. तिच्या बुद्धीचा गौरव योग्यच झाला. मात्र त्या बुद्धीस मोकळे सोडलेले क्षेत्र बादलीएवढे होते. २०१५ मध्ये ‘एरियल’साठी धुणे वाटून घ्या असे पुरुषांस सांगणारी मोहीम निघाली, आणि २०१६ च्या चित्रफितीत मुलीचे कष्ट पाहून एक वृद्ध पिता तिची क्षमा मागतो. ती मोहीम बीबीडीओच्याच भारतीय शाखेने रचली, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. अर्थात खप दोन्ही वेळा वाढावयाचा होता.

इंग्लंडमध्ये २०१९ पासून, आणि भारतात जाहिरात मानक परिषदेच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, लिंगविषयक हानिकारक साचे जाहिरातींत वर्ज्य ठरले आहेत. स्त्री झाडलोट करताना दाखविता येते, पण ते काम तिचेच आहे असे सुचविता येत नाही. १९५१ चे चित्र या कसोटीस उतरणार नाही, १९६८ ची मालिकाही नाही. लेयेंडेकरचा पुरुष मात्र सहज पार होईल. त्याने कोणाचा अपमान केलेला नाही. जिन्यापाशी तो एकटा उभा आहे, आणि ज्या बायकांनी त्याची कॉलर शिवली, उकळली, खळविली त्यांच्याविषयी चित्रात चूक काढावी असे काहीच नाही. परिषदेपुढे जे चित्र येते त्यावर ती निर्णय देऊ शकते. न काढलेल्या चित्राविषयी तक्रार कोणत्या कलमाखाली नोंदवावी हे तिच्या नियमांत नाही.

केट मुलानी १९०६ मध्ये वारली. ट्रॉयमधील आठव्या रस्त्यावरील तिचे विटांचे घर १९९८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक म्हणून नोंदले गेले.