चार बाय सहाचा कागद आणि आत्याचे पाय

मंडळी, आजचा विषय छायाचित्रणाच्या इतिहासातला, पण सुरुवात घरातून करतो. रोह्याला आत्याच्या नव्वदाव्या वाढदिवशी तिच्या पणतीने वाकून नमस्कार केला, तो क्षण मी मोबाईलवर टिपला. पुढे आत्या गेली. लॅबमधून चार बाय सहाची प्रिंट आणली, तर आत्याची पावलं आणि पोरीची बोटं कापलेली! नमस्कार कुणाला चाललाय तेच कळेना. मी दुकानदारावर चिडलो. तो म्हणाला, "सर, मोबाईलचा फोटो या कागदात पुरता बसतच नाही." त्याचं बरोबर होतं, आणि त्यामागचा इतिहास मला माहीत असायला हवा होता.

१८९२च्या सुमारास एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर सिनेमाची चौकट ठरवली: चारास तीन. साधारण २४ बाय १८ मिलिमीटर. पुढे जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी तीच फिल्म कॅमेऱ्यात आडवी फिरवली आणि दोन चौकटींची मिळून एक केली, ३६ बाय २४. म्हणजे तीनास दोन. १९२५मध्ये हा लायका बाजारात आला, त्याची चौकट जगभर रुळली, आणि आपला सहा बाय चारचा कागद त्याच मापाचा. इकडे जुनं चारास तीन सिनेमाकडून टीव्हीने उचललं, टीव्हीकडून संगणकाने, तिथून डिजिटल कॅमेऱ्यात आणि मोबाईलमध्ये आलं. बघा, भांडण बापलेकांचं, आणि पाय गेले आमच्या आत्याचे.

हिशेब सोपा आहे. मोबाईलचा आडवा फोटो सहा इंच रुंद केला की उंची होते साडेचार इंच. कागद चारच इंच. अर्धा इंच जाणार. मशीन तो वरून पाव, खालून पाव असा कापतं. काय कापायचं हे घरीच तीनास दोनमध्ये क्रॉप करून ठरवा. काहीच कापायचं नसेल, तर 'फिट करा, फिल नको' असं काउंटरवर स्पष्ट सांगा.

मशीनचं दुसरं गृहीतक रंगाचं. (आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना गृहीतक दिसलं की राहवत नाही.) कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी १९४६मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, त्यातली कल्पना अशी की कुठल्याही साधारण दृश्यातले सगळे रंग एकत्र मिसळले तर राखाडी मिळतो, म्हणून प्रिंट त्या राखाडीच्या बेताने दुरुस्त करावी. बहुतेक फोटोंना हे चालतं. पण पेणच्या गणपतींच्या कारखान्यात जा. रंगाआधीच्या पांढऱ्या मूर्ती ओळीने मांडलेल्या. मशीनला वाटतं उजेड जास्त झाला, आणि मूर्ती मळकट होऊन बाहेर येतात. श्रावणातल्या भातशेतीचा फोटो द्या. हिरवं फार झालं म्हणून ते हिरवं ओढून घेतं आणि ढग गुलाबीसर होतात. नवी मशीनं हुशार आहेत, तरी ही खोड अधूनमधून दिसते. अशा फोटोंना 'ऑटो करेक्शन नको' म्हणावं, आणि पन्नास प्रिंट काढायच्या असतील तर आधी एक काढून बघावी.

आता पिक्सेल. चांगल्या प्रिंटला इंचाला तीनशे धरतात. चार बाय सहाला १२०० बाय १८०० पुरतात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लांबीला साधारण सोळाशेवर येतो. छोट्या प्रिंटला चालून जातं, पण तोच फोटो बारा इंचांच्या फ्रेमसाठी दिला तर इंचाला जेमतेम १३३ उरतात. माणूस गेल्यावर घाईत ग्रुपवरचाच फोटो लॅबला धाडला जातो, आणि भिंतीवरचा चेहरा कायमचा धूसर राहतो. मूळ फाईल ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मागा, आणि 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

आत्याची मूळ फाईल सुदैवाने माझ्याकडेच होती. ती पेनड्राइव्हवर घालून पुन्हा गेलो, फिट करायला सांगितलं. डाव्या-उजव्या बाजूला पाव इंचाहून जरा जास्त पांढऱ्या पट्ट्या आल्या. सूनबाईंना त्या आवडल्या नाहीत. पावलं मात्र आली, आणि पणतीची बोटंही.