पायताण आणि घाटवाट

बेळगावहून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर आपल्या मंडळात आजवर पुष्कळ लिहून झालंय. रामघाट, आंबोली, चोर्ला, मिठाचे तांडे, जकातीच्या चौक्या. या वाटा तुडवणाऱ्यांच्या पायात काय होतं, हा प्रश्न मात्र मागे पडतो. मी पेशाने यंत्र अभियंता, त्यामुळे वस्तू दिसली की ती कशासाठी बनवली आणि कुठे निकामी ठरते, हे आधी बघतो.

आपल्याकडचं पायताण म्हणजे ज्याला जग कोल्हापुरी म्हणतं ते. अथणी, निपाणी हा पट्टाही त्याचं घरच. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, त्यांत बेळगाव आहेच. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, म्हशीच्या जाड चामड्याचा तळ, चामड्याच्याच वादीची शिलाई, खिळा एकही नाही. वेणी घालण्याचं नाजूक काम बऱ्याच घरांत बायकाच करतात.

हे पायताण देशावरच्या कोरड्या, काटेरी जमिनीसाठी उत्तम. बाभळीचा काटा तळातून वर येत नाही, उन्हात पाय उकडत नाही, वापरून तळ पायाच्या आकाराचा होतो. पण अथणी पर्जन्यछायेत, आणि आंबोलीला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस! कमावलेलं चामडं भिजलं की फुगतं, वाळलं की कडक होतं. तळ गुळगुळीत, टाचेला मागून पट्टा नाही. उतारावर पाय पुढे सरकतो आणि सगळा भार अंगठ्यावर येतो. जांभ्यावरच्या शेवाळावर तर विचारूच नका. म्हणून घाट लागला की वहाणा काढून हातात घ्यायच्या, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. अनवाणी पायाची बोटं दगड धरतात, हे यंत्रशास्त्राच्या हिशेबानेही बरोबरच आहे.

पण ही निवड सगळ्यांच्या हातात नव्हती. गाडीबैलाच्या खुराला नाल ठोकला जाई; ओझं वाहणाऱ्या माणसाला वहाण परवडेलच असं नव्हतं. आणि ज्यांना परवडे त्यांनाही ती कुठेही घालता येत नसे. कातडं कमावणारे ढोर आणि पायताण शिवणारे चांभार, समगार हे गावगाड्याचे आधार. मोटही त्यांनीच शिवायची, मोबदला बलुत्याचं धान्य. तरी अनेक गावांत अस्पृश्य मानलेल्यांना वरच्या आळीतून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं लागे. घाटात वहाण हातात घेणं ही अक्कल होती, आळीत घेणं ही सक्ती. वाटांचा इतिहास लिहिताना हा फरक नोंदवलाच पाहिजे.

युरोपात गिर्यारोहक तळाला लोखंडी खिळे ठोकलेले बूट वापरत. १९३५ साली आल्प्समध्ये सहा सोबती दगावल्यावर विताले ब्रामानी यांनी पिरेली कंपनीच्या मदतीने खोल नक्षीचा रबरी तळ घडवला, तो १९३७ मध्ये आला. आपल्याकडे रबर खेड्यापाड्यांत पोचलं ते टायरच्या चपलांतून. दिसायला ओबडधोबड, पण ओल्या दगडावर चामड्यापेक्षा कितीतरी भरवशाच्या.

जुन्या वाटा चालायला येणाऱ्यांना माझं सांगणं थोडक्यात असं. रबरी तळ खोल नक्षीचा असावा. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्या. उतारावर बोटं आपटणार नाहीत एवढी जागा पुढे हवी. पावसात पाणी आत येणारच, तेव्हा लवकर वाळणारा बूट बरा. नवा जोड थेट घाटात नको, आधी महिनाभर गावात चालवा. आणि पायताण घ्यायचंच तर अथणी-निपाणीच्या कारागिराकडून, योग्य दाम देऊन घ्या. ते देशावर घाला.

कुणाच्या घरी जमाखर्चाच्या जुन्या वह्यांत वहाणांच्या किंवा चांभाराच्या बलुत्याच्या नोंदी असतील, तर त्यांचे फोटो मंडळाकडे जरूर पाठवा. पुढचा लेख त्यावरच उभा राहील.