कर्जाची वही कोणाच्या हातात?

दलित माणूस कर्जात का बुडतो, असे विचारले की ठरलेले उत्तर येते : लग्नात उधळतो, दारूत घालवतो, उद्याचा विचार करीत नाही. या उत्तरात थोडे तथ्य असेल. पण त्यात इतिहास नाही. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात बचत गटाच्या बायांशी बोलताना मला हा इतिहासच आधी सांगावा लागतो.

1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861-65) येथील कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रयतवारी पद्धतीने जमीन खातेदाराच्या नावे होऊ लागली. म्हणजेच ती गहाण टाकता आणि विकता येऊ लागली. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र उरले. जमिनी सावकाराच्या घशात जाऊ लागल्या.

ही झाली खातेदाराची कहाणी. ज्याच्या नावे जमीनच नव्हती, त्या महार-मांगाने काय गहाण टाकावे? त्याने आपले वर्ष गहाण टाकले. पाडव्याला साल ठरे, सालदार उचल घेई, पुढच्या पाडव्याला बाकी निघे आणि तो पुन्हा त्याच वाड्यावर राबे. वही मालकाकडे, अक्षरेही मालकाकडे. आमच्या आजोबांच्या पिढीने कोणत्या आकड्याखाली अंगठा उठवला, हे तिला कधी कळलेच नाही. जोतीराव फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कष्टकऱ्याच्या कंगालीचे मूळ अविद्येत शोधले, ते उगीच नव्हे.

पुढे कायदे आले. महाराष्ट्राच्या 1975 च्या कर्जमुक्ती कायद्याने शेतमजूर, ग्रामीण कारागीर आणि अल्पभूधारकांची सावकारी कर्जे रद्द केली. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. 1976 मध्ये वेठबिगारीही कायद्याने बंद झाली. पण जुने कर्ज रद्द झाले म्हणून पोराच्या आजारपणाला लागणारे पैसे कुठून येणार? कायद्याने जुनी वही फाडली. नवे कर्ज द्यायला मात्र पुन्हा सावकारच उभा होता. 2008 च्या केंद्राच्या कर्जमाफीनेही सावकारी कर्जाला हात लावला नाही.

1992 मध्ये नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. त्यातून प्रथमच वही आमच्या बायांच्या हातात आली. ही क्रांती लहान नाही. परंतु आज त्याच गल्लीत खाजगी वित्तसंस्थांचे वसुलीवाले फिरतात, आणि एकीचा हप्ता भरण्यासाठी दुसरीचे कर्ज निघते. म्हणून हिशेब शिकला पाहिजे.

‘शेकडा तीन’ ऐकायला हलके वाटते. ते महिन्याचे असते; वर्षाचे 36 टक्के. व्याज मुद्दलात मिसळत गेले तर 10,000 रुपयांचे दोन वर्षांत 20,000 च्या वर होतात. दुसरी युक्ती पाहा. ‘फक्त 12 टक्के’ म्हणून 10,000 दिले आणि 12 समान हप्त्यांत 11,200 वसूल केले, तर खरा दर 21 टक्क्यांवर जातो. कारण मुद्दल दरमहा फिटत असते, व्याज मात्र पूर्ण रकमेवर लावलेले असते. दामदुपटीचे आमिष दाखवून बचत मागणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारावा : एवढा पैसा तू कमावणार कशातून?

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार, सूक्ष्म कर्ज देताना कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, आणि वार्षिक दर लेखी द्यावा लागतो. तो कागद मागून घ्या. ज्या घरात मजुरी हंगामापुरतीच असते, तिथे निम्मा हप्ताही जास्तच. मर्यादा आपण त्याहून खाली ठेवावी. विनापरवाना सावकाराने कर्जापोटी जमीन बळकावली असेल, तर 2014 च्या राज्य कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते.

बुद्धाने सिगाल नावाच्या गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले होते : एक उपभोगाला, दोन व्यवसायात, चौथा संकटासाठी राखून. पोटालाच पुरत नाही तिथे चौथा भाग कसला, असे कोणी म्हणेल. म्हणूनच तो भाग एकट्याने नव्हे, गटाने राखायचा. मजुरीचा दर वाढवून घेण्याचा लढा आणि वही लिहिण्याचे शिक्षण ही दोन कामे कार्यकर्त्याने वेगळी मानू नयेत. मजुरी वाढली आणि वही दुसऱ्याच्याच हातात राहिली, तर वाढलेली मजुरी कुठे जाते, हे आमच्या आजोबांचा अंगठा सांगतो.