दख्खनचा महसीर, कावेरीचा महसीर

१८३९ साली लेफ्टनंट कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णनं लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केली. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला महसीर त्यात 'खुद्री' म्हणून नोंदला गेला. मोठे खवले, तोंडाशी मिशा, निळसर पर.

त्याच यादीतलं 'मुसुल्लाह' हे नाव वेगळ्याच माशाचं. पुढे ते कावेरीतल्या कुबड्या महसीरला चिकटलं, आणि त्या देखण्या माशाची खरी ओळख झाकली गेली.

दरम्यान लोणावळ्याच्या हॅचरीत वाढवलेली खुद्रीची पिल्लं कावेरीत सोडली गेली. ती तिथे फोफावली; कुबडा महसीर मात्र घटत गेला. नदीचा स्वतःचा मासा ओळख पटण्याआधीच संपत होता, हे फार क्लेशदायक आहे. २०१८ मध्ये तो 'टॉर रेमादेवी' ही प्रजाती असल्याचं संशोधकांनी दाखवलं. त्याच वर्षी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं.