ब्यावोव्येझा अरण्य
ब्यावोव्येझा अरण्य हे पोलंड व बेलारूस यांच्या सीमेवरील प्राचीन अरण्य आहे. एकेकाळी युरोपच्या मैदानी प्रदेशाचा मोठा भाग व्यापणाऱ्या मूळ वनाच्या सर्वांत मोठ्या अवशेषांपैकी ते एक आहे.

भूरचना व जीवसृष्टी
सपाट भूप्रदेश, दलदली व संथ नद्या यांनी हे अरण्य बनले आहे. ओक, हॉर्नबीम, लिंडेन व स्प्रूस हे येथील प्रमुख वृक्ष होत. काटेकोर संरक्षित गाभ्यात उन्मळून पडलेली झाडे जागेवरच कुजू दिली जातात. त्यांवर बुरशी व कीटक वाढतात आणि कीटकांवर सुतारपक्षी जगतात. लांडगा, लिंक्स, एल्क व युरोपीय बायसन येथे आढळतात.

इतिहास
पोलंडच्या राजांचे राखीव शिकारक्षेत्र असल्याने हे अरण्य टिकले. १७९५ नंतर ते रशियन साम्राज्यात गेले. पहिल्या महायुद्धात जर्मन अमलाखाली येथे मोठी वृक्षतोड झाली व १९१९ मध्ये येथील शेवटचा वन्य बायसन मारला गेला. १९२९ मध्ये बंदिस्त जागी वाढलेले बायसन आणून प्रजनन सुरू करण्यात आले आणि १९५२ पासून ते अरण्यात सोडण्यात आले. अरण्याच्या बेलारूसी भागातील विस्कुली येथे डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघाच्या विसर्जनाचा करार झाला.

संवर्धन
युनेस्कोने १९७९ मध्ये पोलंडमधील व १९९२ मध्ये बेलारूसमधील भाग जागतिक वारसा यादीत घेतला. खोडकिड्यांचा प्रादुर्भाव रोखण्याचे कारण देत पोलंडने २०१६ मध्ये वृक्षतोडीची मर्यादा वाढवली. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती बेकायदेशीर ठरवली. २०२२ मध्ये पोलंडने सीमेवर उभारलेल्या पोलादी कुंपणामुळे मोठ्या प्राण्यांचे मार्ग खंडित झाले आहेत.