श्वसनोपकरणांतील पाणी आणि रुग्णालयजन्य संसर्ग : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

रुग्णाच्या श्वासाला साहाय्य करणारे यंत्रच त्याच्या फुप्फुसांत रोगजंतू पोहोचवू शकते, याची स्पष्ट जाणीव वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. या संसर्गाचे वाहन होते यंत्रातील साधे पाणी. प्रस्तुत लेखात या जाणिवेचा व तिच्यातून घडलेल्या उपायांचा मागोवा घेतला आहे.

यंत्रात पाणी कसे आले?

१९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. तेथील ब्लेगडाम रुग्णालयात ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून श्वासनलिकेला छेद देऊन नळीवाटे फुप्फुसांत हवा भरण्यात येऊ लागली. प्रारंभी वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने रबरी पिशवी दाबत. पुढे हे काम यंत्रांकडे गेले. नाक हवेला ऊब व ओलावा देते. नळीमुळे ते वगळले जाते आणि कोरड्या हवेने श्वासमार्गातील स्राव घट्ट होतो. त्यामुळे हवा ओलसर करण्यासाठी यंत्राला पाण्याचे भांडे जोडणे भाग पडले.

धोक्याचा शोध

स्यूडोमोनाससारखे जंतू पाण्यात अत्यल्प पोषणावरही वाढतात. ह्युमिडिफायरमधील पाण्याची केवळ वाफ होत असेल, तर ते सहसा हवेबरोबर जात नाहीत. नेब्युलायझर मात्र पाण्याचे सूक्ष्म तुषार उडवतो आणि त्यांच्यासोबत जंतू फुप्फुसांच्या खोल भागांत शिरतात. १९६५ मध्ये अमेरिकेतील डलास येथील राइनार्झ, पिअर्स, सॅनफर्ड आदी संशोधकांनी पाण्याचा साठा असलेल्या नेब्युलायझरकडे या दृष्टीने लक्ष वेधले. १९७० मध्ये पिअर्स व सहकाऱ्यांनी शवविच्छेदनाच्या नोंदींच्या आधारे दाखवले की, उपकरणांचे नियमित निर्जंतुकीकरण सुरू झाल्यावर ऊतींचा नाश करणाऱ्या न्यूमोनियाचे प्रमाण घटले. त्यासाठी वापरलेले द्रव्य होते सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजेच व्हिनेगरमधील आम्ल.

१९७६ मधील फिलाडेल्फियाच्या साथीनंतर लिजिओनेला या जंतूची ओळख पटली. १९८२ मध्ये शिकागो येथील अभ्यासाने नळाचे पाणी वापरणाऱ्या श्वसनोपकरणांशी या रोगाचा संबंध जोडला. पिण्यास योग्य असलेले पाणी फुप्फुसांसाठी योग्य असतेच असे नाही, हे यातून सिद्ध झाले.

अतिदक्षतेची मर्यादा

भीतीपोटी व्हेंटिलेटरच्या नळ्या दररोज बदलण्याची प्रथा रूढ झाली होती. १९८२ मध्ये क्रेव्हन व सहकाऱ्यांना त्यात विशेष लाभ आढळला नाही. १९८४ मध्ये त्यांनीच दाखवले की, नळीत साचणारे पाणी रुग्णाच्याच स्रावातील जंतूंनी दूषित होते. नळी हलवताना ते उलट श्वासमार्गात ओघळू शकते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांनी ठरावीक मुदतीने नळ्या बदलण्याची प्रथा नाकारली. नळी मळली वा बिघडली तरच ती बदलावी, साचलेले पाणी रुग्णाकडे न जाऊ देता काढून टाकावे आणि नेब्युलायझरमध्ये निर्जंतुक पाणीच वापरावे, असे तीत सांगितले आहे.

समारोप

मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरमध्ये स्वच्छ, निर्जंतुक पाणी वापरण्याची सूचना दिली. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडचा वापर ही त्या रोगाची प्रमुख कारणे होती. तरीही कित्येक दशकांपूर्वीचा धडा पुन्हा सांगावा लागला, हे विचार करण्याजोगे आहे. या इतिहासातील निर्णायक उपाय महागड्या औषधाचा नव्हता. तो होता भांड्यात कोणते पाणी भरले जाते, हे दररोज पाहण्याच्या शिस्तीचा. आणि ही शिस्त प्रत्येक पिढीला नव्याने शिकवावी लागते.